कागदाची झोप

सावनीला मिळवायचं होतं ते एवढंच: धारवाडला आईजवळ राहणं आणि रोज संध्याकाळी उणकलच्या तळ्यावरून बसनं घरी परतणं. पुण्याच्या कंपनीनं तिला सहा महिन्यांपुरतं धारवाडजवळच्या तारिहाळमधल्या चाळण्यांच्या कारखान्यात पाठवलं होतं. ऑर्डर आल्यापासून माल निघेपर्यंत तिथं अकरा दिवस लागत. ते सहावर आणलेस तर दसऱ्यापासून कायमची ठेवून घेतो, असं मालक संजीवराव म्हणाले होते. संजीवराव गोड बोलतात, पण आकडा विसरत नाहीत.

म्हणून ती एका ऑर्डरच्या कागदामागे चालू लागली. खरोखरच चालू लागली. कागद ज्या टेबलावर जाई त्या टेबलाशी ती जाई. तो थांबला की स्टूल ओढून तीही थांबे. पलीकडे प्रेस मशीन एका संथ लयीत पत्र्याला भोकं पाडत असे, आणि गळालेल्या बारीक टिकल्यांचं भरदुपारी जमिनीवर चांदणं पडे. तिसऱ्या दिवशी तिला वाटू लागलं की आपणच कागद आहोत, कुणीतरी सही करून आपल्याला पुढं सरकवील.

सह्यांच्या वाटेत चार दिवस जात होते. सह्या कॉम्प्युटरवर आणून तिनं ते पुसून टाकले. राहिले सात. त्यातला एक स्टोअरकीपर जयतीर्थअण्णांच्या टेबलावर होता. आलेला कागद अण्णा काचेखाली सरकवत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला हात लावत नसत.

या एका दिवसात काय होतं, असं तिनं विचारलं.

"काही नाही अक्का. कागद झोपतो."

मुलीच्या वयाच्या पोरीला अण्णा अक्का म्हणाले, म्हणजे रागावले होते. सावनीला ती गंमत वाटली. तिनं वहीत लिहिलं: थांबणं एक दिवस, काम शून्य. अण्णांना तोंड उघडायला जेवढा वेळ लागला असता, तेवढाच तिला त्यांचा ड्रॉवर उघडायला. दोघंही आपापल्या मानात बसून राहिले.

आता अण्णांचं टेबल वगळून ऑर्डर फोनवरून थेट प्रेसवर जाऊ लागली. सहा दिवस. संजीवरावांनी सगळ्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी खाऊ घातली.

मग मूग आला. अमरगोळच्या मार्केट यार्डातल्या पांडुरंगशेठनी चाळीस चाळण्या परत पाठवल्या. यंदा पावसानं ओढ दिल्यानं दाणा बारीक होता. कचऱ्याबरोबर मूगही खाली गळत होता. स्क्रीनवर ती ऑर्डर वरपासून खालपर्यंत हिरवीगार होती. मागितलं तेच दिलं होतं. शेठ फोनवर शांतपणे म्हणाले की ते दर हंगामाला ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी मूठभर दाणा पाठवतात, यंदाही पाठवला होता.

सावनी स्टोअरमध्ये गेली. अण्णांनी ड्रॉवर ओढला. आत कागदी पुड्या, प्रत्येकीवर व्यापाऱ्याचं नाव: मूग, हरभरा, करडई. व्यापारी सवयीनं भोकाचा गेल्या वर्षीचाच नंबर सांगत. अण्णा दुसऱ्या दिवशी आलेला दाणा वेगवेगळ्या भोकांच्या नमुन्याच्या पट्ट्यांवर हलवून बघत आणि कागदावरचा नंबर बदलत. पांडुरंगशेठची पुडी सर्वांत वर होती. तिचा दोरा सुटलेला नव्हता.

"सांगितलं का नाही, अण्णा?"

"तू कागदाचं विचारलंस. दाण्याचं कुणी विचारलं?"

तिनं दोरा सोडला. त्या दुपारी ती कितीतरी वेळ पट्टी हलवत बसली. मूग आधी सळसळायचा, मग एकेक दाणा थांबायचा, जणू आपलं भोक आठवत असावा.

संजीवरावांचं म्हणणं होतं की एखादी ऑर्डर फसते, सहाच राहू दे. दसरा आठवड्यावर आलाय. सावनीनं स्क्रीनवर एक नवा चौकोन टाकला: दाणा पाहणे, एक दिवस, जयतीर्थ. बेरीज सात झाली.

"सहा म्हणालो होतो, सावनी."

"हो, संजीवराव."

हिशेब असा लागला. कारखान्याचे चार दिवस वाचले. शेठना बारीक भोकाच्या चाळण्या मिळाल्या. अण्णांच्या दिवसाला नाव मिळालं, ते अजून त्याला झोपच म्हणतात. त्या सातव्या दिवसाचा भुर्दंड सावनीनं भरला, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत परत जाऊन. त्यातला अर्धा, वेळेत न सांगितल्यापायी, अण्णांकडून येणं होता. बसस्टँडवर तिच्या हातात मुगाची एक पुडी देऊन त्यांनी तो चुकता केला.