अडतीस बोरची राखण

मी बोलतोय ते लोखंडी कपाटातून. माझ्या गळ्यात सुतळी आहे, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर माझा नंबर व वलवणच्या बजरंगरावांचं नाव. मी अडतीस बोरचं रिव्हॉल्व्हर. माझ्या गोळीनं आजवर कुणाचंही रक्त सांडलेलं नाही. तरीही मी एका बाईला तीन वर्षं कोंडून ठेवलं, ते मला सांगितलंच पाहिजे.

माझा जन्म विलायतेतला. चौतीस साली मुंबईच्या एका दुकानात मी काचेखाली पडून होतो. शेजारी धाकटं बत्तीस बोर. बजरंगराव आले तेव्हा घाबरलेले होते. लोणावळ्याजवळ वलवणला त्यांचं घर वस्तीपासून सुटं, आणि तिथल्याच एका बंगल्यात भर दिवसा दरोडा पडला होता.

"तुम्ही बाहेर गेलात की घरी कोण असतं?" दुकानदारानं विचारलं.

"मंडळी."

"मग हे बत्तीस घ्या. झटका कमी. घरातल्या सगळ्यात लहान हाताला जे पेलेल, तेच घरासाठी खरं. मोठी गोळी हुकली तर काय उपयोग?"

"बाया कुटं बंदुका चालवत्यात व्हय?" बजरंगराव हसले. "मोठं दावा."

"याहून मोठं पलटणीचं. ते तुम्हाला मिळायचं नाही."

"मग हे अडतीस."

तेव्हा मी फुशारलो होतो. आज लाज वाटते.

एका दुपारी मालकांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, हट्ट धरला, "मला बी शिकवा." शेताच्या बांधावर मडकं ठेवलं. मी उडालो, त्यांचं मनगट वर गेलं, दोन बांगड्या फुटल्या आणि गोळी बांधाच्या मातीत शिरली. मडकं जागच्या जागी!

"जमलं? आता भाकरी थाप जा," मालक म्हणाले.

आणखी दहा बार मिळते तर तो हात नक्की बसला असता. मला तो हात कळला होता. पण परवान्यावर वर्षाला पंचवीसच काडतुसं मिळत, आणि मालक ती कुणाच्या हाती देत नसत.

मग दसरा आला. मालकांनी मला ओसरीवर पाटावर मांडलं. एका बाजूला कोयता, दुसऱ्या बाजूला नांगराचा फाळ. मला हळदकुंकू, झेंडूचं फूल. सोनं द्यायला आलेला प्रत्येक जण वाकून बघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या वलवणला ठाऊक झालं, की बजरंगरावांच्या घरात रिव्हॉल्व्हर आहे.

पाट उचलताना मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. आता चोर येणार ते माझ्यासाठीच! मी चोरीला गेलो तर निष्काळजीपणासाठी मालक तुरुंगात. त्या दिवसापासून हुकूम सुटला, "घर रिकामं ठेवायचं न्हाई."

मी ट्रंकेत, ट्रंक आतल्या खोलीत आणि खोलीच्या दाराशी लीलाबाई. बहिणीचं लग्न झालं, त्या गेल्या नाहीत. भाचीचं बारसं झालं, त्या गेल्या नाहीत. जिच्या रक्षणासाठी मला आणलं, तीच माझी राखण करत बसली.

सदतीस सालच्या पौषात मालक चार दिवस पुण्याला गेले होते. सकाळी मोळी विकून परतणारी झुंबरबाई दारात थांबली.

"लीलाबाय, टेसनावर तुज्या माहेरचा, आंबीचा मानूस भेटला. तुजी आई लय आजारी हाय. अन्नाला शिवत न्हाई. तुजं नाव घेतीया."

"मी कशी येऊ? घरात ते हाय."

"ते काय तान्हं हाय व्हय, रडंल?"

लीलाबाई बराच वेळ उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मग ट्रंक उघडली. मला टोपलीत घातलं, वर परवान्याचा कागद, त्यावर फडकं. टोपली डोक्यावर घेऊन त्या भर उन्हात लोणावळ्याच्या चौकीत आल्या.

हवालदार दत्तोबा चहा पीत होते. फडकं उचलताच कप डुचमळला.

"बाई! भरलेलं हाय का?"

"हाय. सांभाळून घ्या."

"परवाना मालकाच्या नावावर. तुमाला हात लावायची परवानगी न्हाई."

"मंग तीन वर्सं माज्याकडून राखून का घेतलं? घ्या. आई लय आजारी हाय, माजी गाडी चुकंल."

मागे न बघता त्या स्टेशनाकडे निघाल्या. एवढं झपझप चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं मालक चौकीत आले. मागे लीलाबाई. तीन वर्षं त्यांच्या कपाळावर असलेली काळजीची आठी गेली होती.

"आई कशी हाय?" दत्तोबांनी विचारलं.

"गेली. पण दोन दिवस माज्या हातची पेज प्याली."

 मग दत्तोबांनी मालकांपुढे मला परत मागायचा कोरा अर्ज ठेवला. सही केली की तो वर साहेबांकडे जाईल, हुकूम आला की मी परत मिळेन. मालकांनी दौतीत टाक बुडवला आणि थांबले. बायकोकडे वळून म्हणाले, "काय गं, करू?"

"करा की. पर आता राखण तुमी करायची."

टाकाची शाई वाळली. मालकांनी अर्ज घडी करून खिशात घातला.

त्याला दोन पावसाळे झाले. माझ्या नळीत गंज धरतो आहे. या कपाटात अंधार आहे आणि मला तो सोसवत नाही, हे खोटं कशाला सांगू? पण कधी दत्तोबा कपाटाचं दार उघडं ठेवतात, तेव्हा रस्त्यावरून लीलाबाईंचा आवाज येतो. झुंबरबाईशी हसत त्या स्टेशनाकडे चाललेल्या असतात.

बजरंगराव, तो अर्ज खिशातच राहू द्या.