हलकं वाटतंय

समिधा सहा वर्षांची झाली तरी तिची टाच जमिनीला टेकत नव्हती. जन्मल्यावर ती बराच वेळ रडली नव्हती, आणि तेवढ्यात मेंदूच्या ज्या भागाला इजा झाली तो नेमका पाय सांभाळणारा होता. बाकी पोरगी तल्लख. कुंभवलीच्या त्या चाळीत कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं कुणाशी वाजलं, हे दारात बसल्या बसल्या तिला सगळ्यांच्या आधी कळायचं.

तिचा बाप भाग्येश मूळचा जळगावकडचा, तारापूर एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. त्याची पाळी बदलती, म्हणून समिधाला आठवड्यातून तीनदा पालघरला व्यायामाला न्यायचं काम अर्चनाचं, त्याच्या बायकोचं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मेघाली मॅडम पोटऱ्या ताणून द्यायच्या, घरी काय करायचं ते शिकवायच्या. झोपताना पायात प्लास्टिकचे ताठ बूट घालायचे, तेही त्यांनीच बनवून घेतले होते. तीन वर्षांत समिधा भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. भाग्येशला मात्र ते फार हळू वाटे.

मग एक दिवस त्याने मोबाइलवर मुंबईतल्या एका केंद्राची जाहिरात पाहिली. स्टेम सेलच्या उपचाराने मुलं चालायला लागतात, असं त्यात होतं. एका रजेच्या दिवशी तो मुद्दाम पालघरला गेला आणि त्याने मेघाली मॅडमना विचारलं.

"दादा, या आजारात त्याचा उपयोग होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "संशोधन चालू आहे. पण खऱ्या संशोधनात पालकांकडून पैसे घेत नाहीत. हे घेतायत ना?"

भाग्येश मान हलवून उठला. या मॅडमना काय, त्यांचं व्यायामाचं केंद्र चालायला हवं, असं जिना उतरताना त्याच्या मनात आलं. पुढे कितीतरी दिवस त्याला या एका विचाराची लाज वाटत राहिली.

त्याने समिधाला समजावलं, "एकदाच सुई टोचतील. मग पाय मोकळे होतील तुझे. जूनमध्ये शाळेत चालत जायचं."

"पळत पण?"

"पळत पण."

केंद्रात तिला गुंगी देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढली, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पाठीच्या कण्यात सोडल्या. घरी आल्यावर दोन दिवस ती पालथी पडून होती. डोकं धरून ओकत होती. तिसऱ्या दिवशी उठून बसली तेव्हा भाग्येश पहिली पाळी करून डबा हातात घेऊन तसाच तिच्याजवळ बसला.

"कसं वाटतंय पायांना?"

समिधाने पाय हलवून पाहिले. "तसंच."

अर्चनाने ताट वाढलं, ते त्याने बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. समिधा जरा थांबून म्हणाली, "हलकं वाटतंय, पप्पा."

त्या दिवशी बोईसरहून जिलबी आली. चाळीत प्रत्येक दाराशी वाटली गेली. त्यानंतर रोज तो विचारी आणि रोज ती सांगे. कधी डावा पाय हलका, कधी उजवा. त्याने तिला खिडकीचे गज धरून उभं केलं आणि स्वतः आकडे मोजत व्हिडिओ काढला. वीस होईपर्यंत ती उभी राहिली. ओठ घट्ट मिटले होते, मानेची शीर ताठ झाली होती. भाग्येशला तेव्हा फक्त वीस दिसले. तो व्हिडिओ त्याने अशा मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "स्टेम सेलचा चमत्कार."

पालघरला जाणंही त्यानेच बंद केलं.

"व्यायाम सोडा असं त्या लोकांनी सांगितलेलं नाही," अर्चना म्हणाली.

"पेशी काम करतायत. पोरीला हलकं वाटतंय ना? मग कशाला तिला रोज रडवायचं?"

बूटसुद्धा माळ्यावर गेले. अर्चनाने दोनतीनदा विषय काढला, मग गप्प बसली.

तीन महिन्यांनी केंद्रातून फोन आला. मुलीचा प्रतिसाद चांगला आहे, दुसरा डोस आत्ताच घ्या. भाग्येशने गाडी ठरवली. तिघं सकाळी निघाले. चिल्हार फाट्याला ड्रायव्हर चहाला उतरला, अर्चना पाण्याची बाटली घ्यायला गेली. समिधा मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून बसली होती. हायवेकडे बघतच तिने विचारलं,

"पप्पा, या सुईनंतर पण हलकं वाटतंय म्हणायचं?"

भाग्येशला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"मागच्या वेळी म्हटलं तसं."

"म्हणजे तुला वाटत नव्हतं हलकं?"

ती बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता काय सांगितलं तर चालेल याचा अंदाज घेत होती. सहा वर्षांच्या पोरीला हे आपणच शिकवलं, हे भाग्येशच्या तेव्हा लक्षात आलं.

"मी 'तसंच' म्हटलं तेव्हा तुम्ही जेवलाच नाहीत," ती हळूच म्हणाली. "मी खूप जोर लावते, पप्पा. माझ्या पायांना येतच नाही. सुई वाया गेली ना माझ्यामुळे?"

अर्चना बाटली घेऊन आली तेव्हा तो पुढच्या सीटवरून मागे येऊन बसला होता. समिधा त्याच्या मांडीवर होती आणि तो तिच्या केसांत तोंड खुपसून नुसता मान हलवत होता. ड्रायव्हरला त्याने एवढंच सांगितलं, "परत घ्या. पालघरला."

वाटेत त्याने अर्चनाला सगळं सांगितलं.

"मला संशय होता," ती म्हणाली. "पडून पडून तिचे गुडघे काळेनिळे असायचे. पण तुम्ही इतक्या वर्षांनी घरात हसत होता. मलाही ते खरं हवं होतं."

तिने त्याला बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मेघाली मॅडमही रागावल्या नाहीत. त्यांनी समिधाचे घोटे वाकवून कोन मोजला, जुन्या कागदाशी ताडून पाहिला आणि पुन्हा मोजला. "पोटऱ्या आखडल्यात. नुसत्या ताणण्यानं आता भागणार नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवू. बहुतेक काही आठवडे प्लास्टर, दर आठवड्याला बदलून."

"दुखेल?"

"थोडं दुखेल," त्या सरळ समिधाकडे बघून म्हणाल्या. "आणि त्यानं तू पळायला लागशील असं नाही. टाच टेकेल, मग वॉकर धरून चालता येईल. चालेल?"

समिधाने वळून बापाकडे पाहिलं. "तुला काय वाटतं ते सांग," भाग्येश म्हणाला.

"वॉकर लाल मिळतो?" तिने विचारलं.

घरी आल्यावर त्याने तो व्हिडिओ काढून टाकला आणि ग्रुपवर जे घडलं ते लिहिलं. काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली, एकाने त्याला वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाणगावच्या रूपेशचा फोन आला. त्याचा मिथुन अडीच वर्षांचा, मान धरत नसे, बोलत नसे.

"आमी सोमवारीच जाऊन आलो, दादा," रूपेश म्हणाला. "तुमचा व्हिडिओ बगूनच गेलो. तुमची पोर बोलली तरी. माजा तर बोलत नाय. त्याला काय होतंय, मला कोण सांगणार?"

भाग्येशने त्याच्या घराचा पत्ता तेवढा विचारून घेतला.

रविवारी भाग्येश वाणगावला गेला. रूपेशने दार उघडलं, आत घेतलं, पण बस म्हणाला नाही. त्याची बायको दीपा मिथुनला मांडीवर घेऊन पाटावर बसली होती. पोराच्या पाठीवर अजून पट्टी होती.

"चूक माझी हाय असं म्हणायला आलो," भाग्येश म्हणाला. इथे राहून त्याच्याही बोलण्यात हाय यायला लागलं होतं.

"मग?" रूपेश म्हणाला. "तू म्हटल्यावर काय होनार?"

"काही नाही होणार."

रूपेश दारात पाठमोरा उभा होता. शेवटी दीपाच म्हणाली, "त्या पालगरच्या बाई... त्या लहान पोरांना बगतात काय?"

"बघतात. सुई टोचलेली जागा दाखवून, त्यांना विचारूनच काय ते सुरू करायचं. बुधवारी मला सुट्टी आहे. आम्ही समिधाला पहिलं प्लास्टर घालायला नेणारच आहोत. तुम्ही या, मी स्टेशनवर थांबतो."

रूपेश वळला नाही. "बगू," तो म्हणाला.

बुधवारी पालघर स्टेशनबाहेर भाग्येश समिधाला कडेवर घेऊन उभा होता. डहाणूकडून आलेली पहिली गाडी रिकामी झाली, त्यात ते नव्हते. दुसरीतून दीपा उतरली, खांद्यावर मिथुन. ती एकटीच आली होती. "ते नाय आले," ती म्हणाली, आणि भाग्येश रस्ता दाखवायला पुढे झाला.