अडतीस किलोमीटरचं सूत्र

सामान हलवणाऱ्या कंपनीच्या शाखा जिथे आहेत तिथेच का आहेत, हा प्रश्न आमच्या ऑफिसात तीस वर्षांत कुणाला पडला नव्हता. तो मला पडला, आणि त्या नादात मी आत्याची शाखा जवळजवळ बुडवली.

त्याच वर्षी बाबांनी कारभार माझ्या हाती दिला. म्हणजे खुर्ची दिली आणि स्वतः समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसले. नवा कारभारी काहीतरी नवं करतोच, म्हणून मी शाखांचा अभ्यास करायला एक तज्ज्ञ बोलावला. बारीक चणीचा, चष्मेवाला, बोलताना हवेत रेघा काढणारा. दुपारपर्यंत सगळं ऑफिस त्याला 'नकाशेवाले' म्हणायला लागलं.

नकाशेवाल्यांनी भिंतीवर भलामोठा नकाशा लावला आणि अकरा टाचण्या टोचल्या. मग पट्टी घेऊन आठवडाभर त्याच्याशी लगट केली. आठव्या दिवशी ते बाबांसमोर असे उभे राहिले, जसं कुणी पुतळ्यासमोर उभं राहतं.

"साहेब, एक विचारू? हे तुम्ही कसं काय ठरवलंत?"

"काय ठरवलं?" बाबा चहाच्या कपातून म्हणाले.

"अंतरं. मुख्य ऑफिसपासून या रस्त्यावर दहा शाखा. प्रत्येक दोन शाखांमध्ये अडतीस किलोमीटर. फार तर एखादा इकडे तिकडे. आणि इथे घाट लागतो, तिथे बरोब्बर एकतीस. म्हणजे चढाचा विचार करून तुम्ही अंतर कमी केलंत. आम्हाला हे शिकायला दोन वर्षं लागतात."

बाबांनी कप खाली ठेवला. नकाशाकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं. तिथे ड्रायव्हरकाका कुंड्यांना पाणी घालत होते. बाबांचा पहिला ट्रक काकांनीच चालवला. आता ते फाटक सांभाळतात आणि एका चेपलेल्या पत्र्याच्या डब्याने झाडं जगवतात.

"अंदाज असतो माणसाचा," बाबा म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून बाबा हात पाठीमागे बांधून चालायला लागले. केस कापणाऱ्याला सूत्र समजावलं. दातांच्या डॉक्टरने तोंडात आरसा घातलेला असतानाही समजावलं, त्याला काय कळलं देव जाणे. मग मला म्हणाले, "पावतीपुस्तकावर छापून घे. अडतीस किलोमीटरचं सूत्र."

"बाबा, पावतीवर सामानाची यादी असते."

"यादीच्या वर जागा आहे."

मला गंमत वाटत होती, अहवालाचं शेवटचं पान येईपर्यंत. त्यावर लिहिलं होतं: अकरावी शाखा रस्ता सोडून, तळ्याच्या काठाला, जिथे रस्ताच संपतो तिथे आहे. सूत्रात बसत नाही. बंद करावी.

अकरावी शाखा म्हणजे आत्या. बाबांची धाकटी बहीण. अठरा वर्षं ती त्या गोदामामागच्या दोन खोल्यांत राहते आणि शाखा चालवते. तळ्याकाठी घरं जेमतेम साठ, आणि तिथून कुणी कुठे जात नाही. मग आत्या हलवते तरी काय? तर घरातल्या घरात हलवते. तिच्या महिन्याच्या कागदावर असं काही असतं: 'पलंग, पुढच्या खोलीतून मागच्या. सून रुसली.' आणि पुढच्या महिन्यात, 'तोच पलंग, मागच्या खोलीतून पुढच्या. सून हसली.' माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. पेटीला दोर कसा बांधायचा हे मला तिने शिकवलं, बाबांनी नाही.

"बाबा, आत्याचं काय?" मी विचारलं.

"इथे येऊन राहील. घर मोठं आहे."

"ती येईल?"

बाबा पावतीपुस्तकाचा नमुना बघायला लागले.

निर्णयाच्या दिवशी आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो आणि आत्याला फोनवर घेतलं. फोन मध्ये ठेवला. तिच्या बाजूने काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला.

"बोला. मी एका हाताने टेबल धरलंय."

नकाशेवाल्यांनी घसा साफ केला. "आत्याबाई, तुमच्या बंधूंचं अडतीस किलोमीटरचं एक सूत्र आहे..."

"कुणाचं?"

"साहेबांचं."

पलीकडे टेबल खाली ठेवल्याचा आवाज झाला. "दादा, तुझं सूत्र? तुला तर अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही."

"विषय वेगळा आहे," बाबा म्हणाले.

"विषय काय आहे मग?"

शेवटी मीच सांगितलं. तुझी शाखा सूत्रात बसत नाही, बंद करायची म्हणतात.

आत्या अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बरं. मला फक्त एवढं सांग दादा, सूत्र तुला माहीत होतं, तर मला इथे का बसवलंस? पंधरा दिवसांसाठी म्हणाला होतास."

बाबांनी नकाशाकडे पाहिलं. अकरावी टाचणी सगळ्यांपासून लांब, एकटी बसली होती. त्याच वेळी ड्रायव्हरकाका डबा घेऊन खिडकीतल्या कुंडीपाशी आले. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले, आणि पंधरा दिवस पाठीमागे असलेले त्यांचे हात पुढे आले.

"अरे, आत ये," बाबा म्हणाले. "यांना डबा दाखव."

काकांनी डबा टेबलावर ठेवला. तळाशी थोडं पाणी हललं.

"हा काय आहे?" नकाशेवाले म्हणाले.

"सूत्र," बाबा म्हणाले. "पहिल्या ट्रकच्या रेडिएटरला भोक होतं. एक डबा पाणी घातलं की अडतीस किलोमीटर जायचा."

"घाटात एकतीस," काका म्हणाले. "चढाला तापायचा लवकर."

"इंजिन गार व्हायला दोन तास. मला रिकामं बसवत नाही. गप्पा मारायचो, कुणाची तरी शेड मोकळी असायची. इंजिन गार होईस्तोवर भाड्याचं ठरलेलं असायचं. झाली शाखा."

नकाशेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डबा तसाच होता.

"आणि अकरावी?"

बाबांनी काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे.

"नवा ट्रक आला," बाबा म्हणाले. "तो तापेचना. तापेना म्हणून थांबेना, थांबेना म्हणून आम्ही बोलत बसलो. वळण मागे राहिलं. रस्ता संपला तेव्हा समोर तळं. भरलेला ट्रक चिखलात वळेना, म्हणून सगळं सामान एका मोकळ्या शेडमध्ये उतरवलं. ट्रक वळवला. परत भरलं. एक कपाट सोडून."

"का?"

"बाहेर येईना," काका म्हणाले. "सहा जणांनी घाईत आत ढकललं होतं. कुठल्या कोनात गेलं, कुणालाच आठवेना."

"ज्याचं सामान होतं त्याला नवं कपाट घेऊन दिलं," बाबा म्हणाले. "पण सामान हलवणाऱ्या कंपनीला एक कपाट हलवता येत नाही, हे जगाला कसं सांगणार? म्हणून शेड भाड्याने घेतली, शाखा म्हटलं, आणि बहिणीला राखणीला बसवलं." ते फोनकडे वाकले. "तू पंधरा दिवसांत शाखा खरोखरची चालवायला लागलीस. मग तुला ऊठ म्हणायचं तोंड मला नव्हतं."

"एवढं बोलायला अठरा वर्षं," आत्या म्हणाली. "त्या कपाटात माझे स्वेटर आहेत. ते मी देणार नाही."

नकाशेवाले बराच वेळ अहवाल चाळत होते. एकसष्ट पानं. "साहेब," ते हळूच म्हणाले, "मग बाकीच्या दहा शाखाही अशाच झाल्यात. हीच काय म्हणून बंद करायची?"

"तेच," बाबा म्हणाले, आणि पावतीपुस्तकाचा नमुना डब्याखाली सरकवला. तो ओला झाला.

तरी नकाशेवाले शहानिशा केल्याशिवाय सही करणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते पट्टी घेऊन आत्याकडे गेले. कपाट मोजलं, दार मोजलं, कोनाचे सतरा कागद भरले. चौथ्या तासाला आत्या म्हणाली, "बाळा, मोजून झालं असेल तर जरा शेजारी चल. एक पलंग पुढे आणायचाय." ते गेले. परत आले तेव्हा बोटाला पट्टी होती.

सुधारलेला अहवाल एका पानाचा आला. मी तो नकाशाशेजारी लावून ठेवलाय.

'अकरावी शाखा: चालू ठेवावी. कारण: कपाट.'