लिवलेलं न्हाई ते

आमचे मालक नाथाजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कागदावर असेल तेवढंच खरं, असा त्यांचा खाक्या. मी तीस वर्षं तो निमूट सोसला, ही चूक माझी.

पंधरा दिवसांपूर्वी गावातल्या शंभूराजची बहीण राजेश्वरी परजातीच्या मुलाशी लग्न करून गेली. शंभूराज आणि त्याचे चुलतभाऊ तिच्या जिवावर उठून मागावर होते. गावकीने लगेच ठराव केला: दर रविवारी देवळाच्या मंडपात बिनलग्नाच्या पोरींनी फोन दाखवायचे, वावगं सापडलं तर फोन समितीच्या ताब्यात. समितीचा प्रमुख शंभूराज. ठराव लिहून दिला आमच्या सुभेदारांनी, फोन तपासायचं कामही त्यांच्याचकडे.

पहिला नंबर आमच्या लेकीचा, पूजाचा. ती साताऱ्याला वकिली शिकते. राजेश्वरी तिची मैत्रीण, तिचा सांगलीतला पत्ता पूजाच्या फोनात होता. पुसून टाक म्हटलं, तर म्हणाली, "आबा असं कुणाला बघू द्यायचं न्हाईत गं."

मंडपात तिने संविधानाचं पुस्तक पुढे केलं. "आबा, माझं खाजगी ते माझं. त्यो माझा हक्क हाय."

"कुठल्या कलमात लिवलंय?"

"तसा शब्द न्हाई त्यात. जगायच्या हक्कातच त्यो येतो, असं कोर्टानं सांगितलंय."

"लिवलेलं न्हाई म्हंजे न्हाई." त्यांनी ठरावाचा कागद दाखवला. "ह्यात लिवलंय. उघड फोन."

बाप्ये हसले. मला नवऱ्याची अशी चीड कधी आली नव्हती. पूजाने खाली मान घालून फोन उघडून दिला.

चष्मा लावून ते एकेक निरोप वाचत गेले आणि एका ठिकाणी थांबले. चेहरा उतरला. त्यांनी पटकन पडद्यावर तळवा ठेवला, पण शंभूराज त्यांच्या मागेच उभा होता.

"सांगलीत, विश्रामबागेत व्हय," तो शांतपणे म्हणाला. त्याने फोन काढून घेतला आणि खिशात टाकला. "ठरावाप्रमाणं ताब्यात घेतो, काका."

तो दोघा चुलतभावांना घेऊन बाहेर पडला.

"राजीचा नंबर त्यातच हाय, आबा," पूजा म्हणाली. "आता तिला सांगायचं कसं?"

मी माझ्या फोनवरून पोलिसांना सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला, "अजून काही घडलं नाही ना? आधी लेखी तक्रार घेऊन या."

नाथाजींनी ठरावाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. पहिली ओळ पुरी होईपर्यंत मोटारसायकलींचा आवाज सांगलीच्या रस्त्याला लागून ऐकू येईनासा झाला होता.