काठावर विसळलेले कप

मी तिसऱ्यांदा पोट धरून आडवी झाले, तेव्हा आमच्या लेकाने फोनवरून फर्मान काढलं, "आई, आता तलाव बंद!"

"तुझ्या बापाचा आहे का तलाव?" मी म्हणाले. मुरडा आला होता, नाहीतर आणखी चार शब्द सुनावले असते.

अहो, दिवसभर मान मोडून शिलाई मशीनवर बसते मी. लोकांचे पडदे, लोकांच्या पँटी. सकाळी तासभर पाण्यात हात मारले की अंग कसं मोकळं होतं! तेवढा एकच तास माझा. तोही गेला तर मी नि मशीन, दुसरं काय उरलं? आणि आम्ही काही उंडारणारी माणसं नाही. आमची पाच जणांची टोळी नियमाला पक्की. पाऊस झाला की नाल्याची घाण तलावात येते, म्हणून दोन दिवस पाण्यात पाऊल नाही. अंगावर जखम असेल त्याने घरी बसायचं. तोंडात पाणी गेलं तर थुंकायचं, गिळायचं नाही. आणि बाहेर आलं की आमच्या ह्यांच्या हातचा चहा.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे, आता घरीच असतात. पोहण्याच्या नावाने शंख. पण रोज माझ्याबरोबर येणार, सगळ्यांचे टॉवेल सांभाळणार, घरून आणलेल्या थर्मासमधून चहा ओतणार. तोही चिनी मातीच्या कपांत, कारण कागदी कप म्हणजे चहाचा अपमान!

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेलो, कारण ह्यांचंही पोट बिघडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तलावात पोहता? मग तिथलेच जंतू पोटात गेले असणार. सध्या पोहणं थांबवा." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्हीही पोहता?"

"हे?" मी म्हटलं. "ह्यांना आंघोळीच्या बादलीचीसुद्धा भीती वाटते!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग यांना कसं झालं? तुमच्यामुळे?"

"छे, आधी हेच पडले. मी नंतर."

"मग पोहण्याशिवाय तिथे आणखी काय करता ते आठवा," त्या म्हणाल्या आणि गोळ्या लिहून दिल्या.

घरी येऊन मशीनवर बसले, पण लक्ष कुठलं लागतंय! टोळीतले एकूण एक आजारी पडले होते. सुटला होता तो फक्त बेकरीवाला. तोच तर सगळ्यांत जास्त डुंबतो, पाण्यात तोंड घालून म्हशीसारखा! मात्र भट्टी पेटवायची घाई असते म्हणून चहाला कधी थांबत नाही.

चहा! माझा पाय मशीनवरच थांबला. पण चहा तर घरी खळखळून उकळलेला.

"अहो, कप कुठे धुता तुम्ही?"

"तलावात," हे म्हणाले, अगदी सहज. "चहा ओतायच्या आधी पायरीवर बसून चांगले विसळतो. धूळ बसलेली असते ना."

अगं बाई! आम्ही लांब धक्क्यावरून उड्या मारतो. पायऱ्यांशी तर यंदाच वळवलेलं नाल्याचं तोंड. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"पायऱ्यांपाशी?" मी ओरडलेच. "मागे नळ आहे ना चांगला! तिथवर जायचा कंटाळा? सगळ्या टोळीला तुम्ही घाण पाजलीत!"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. माझं तोंड मात्र सुरूच. बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, "कंटाळा नव्हता गं. नळाकडे गेलं की मधे भिंत येते. तू दिसत नाहीस."

"दिसून काय करणार होतात? पोहता येतं का तुम्हाला?"

"नाही येत. म्हणूनच नजर हलवत नाही. काही झालं तर निदान ओरडता तरी येईल."

इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांना चहा पाजायची हौस आहे. असा राग आला, की वेड्या माणसा, हे आधी का नाही बोललास?

संध्याकाळी लेकाला फोन केला. "चोर सापडला. आता संन्याशाला सोड."

"कोण चोर?"

"तुझा बाप."

डॉक्टरीणबाईंनी पोहायची परवानगी दिली, पण दम भरूनच: धोका संपलेला नाही, नियम सोडू नका. आता जो तो आपला कप घरून धुऊन, झाकून आणतो. टोळी ह्यांना चिडवते, हेही हसतात आणि थर्मास घेऊन पायरीवर बसतात.

पाण्यात उतरल्यावर मी कधी मागे वळून पाहायची नाही. आता तलावाच्या मध्यावर गेले की थांबते, वळते आणि हात वर करते. पायरीवरचा हात माझ्या आधीच वर झालेला असतो.