आरसेवाल्यांची चक्की

लेथवर उभा जन्म काढलेल्या त्या गृहस्थांना कारखान्यात सगळे आरसेवाले म्हणत. कागदाच्या यंत्रांचे रोलर ते असे चकचकीत करून द्यायचे, की त्यात बघून भांग पाडावा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीत एक छोटा लेथ आणून बसवला. बायको म्हणाली, "इतके दिवस सवत बाहेर होती, आता घरातच नांदायला आली."

मुलगी स्वतःच्या घरी बीअर बनवते, हे काही त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. आधी धुसफूस झाली, मग अबोला, आणि शेवटी उरलं ते हवापाण्याचं बोलणं. म्हणूनच एका सकाळी ती आपली धान्य भरडायची चक्की काखेत मारून दारात उभी राहिली, तेव्हा त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. चेहरा मात्र त्यांनी घट्टच ठेवला.

"बाबा, या दोन रोलरमधली फट एकसारखी राहतच नाही. सातूचे निम्मे दाणे अख्खे राहतात, निम्म्यांचं पीठ होतं. पीठ झालं की गाळताना सगळा लगदा अडकतो. मला दाणा फुटलेला हवा आणि टरफल शाबूत. तुम्ही नवी बनवून द्याल?"

पोरीने मोठेपणी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. त्यांनी चक्की उघडली आणि जिभेचा पट्टा सुटला. "हे बेअरिंग आहे की खुळखुळा? पत्रा बघ, कागद बरा! लोखंड तर इतकं मऊ, की नख उमटेल. आणि रोलरवर हे नुसते ओरखडे. फिनिशिंगच्या नावाने बोंब!"

"थोडे सातू ठेवून जाऊ? चालवून बघायला?"

"तसल्या कामाचं धान्य माझ्या घरात नको," ते म्हणाले. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मग त्यांनी जीव ओतला. जाड पोलादाची चौकट, धूळ आत न जाणारी बेअरिंगं, फट एकदा बसवली की न हलणारा स्क्रू. रोलर तापवून कडक केले आणि घासघासून त्यांचा आरसा केला. चक्की फिरायची ती आवाजाशिवाय. बायको म्हणाली, "माझ्याकडे एवढं टक लावून कधी बघितल्याचं आठवत नाही."

मुलगी चक्की घेऊन गेली. फोनवर विचारलं, की म्हणायची, "छान चाललीय, बाबा." आरसेवाल्यांची छाती फुगायची.

एका दुपारी बेअरिंग तपासायचं निमित्त काढून ते न सांगता तिच्याकडे थडकले. स्वयंपाकघरात त्यांची चक्की फळीवर होती, स्वच्छ फडक्याखाली झाकलेली. टेबलावर ती जुनीच खुळखुळ फिरत होती. एका रोलरखाली पुठ्ठ्याची घडी कोंबलेली, आणि मुलगी घामाघूम.

तिचा चेहरा पडला. ते फळीकडे गेले, आपल्या चक्कीत मूठभर सातू टाकले आणि हँडल फिरवलं. दाणे त्या आरशांवर नुसते घरंगळत राहिले. एकही आत जाईना.

"जुनीच्या रोलरवर आधी बारीक खवले होते," मुलगी हळूच म्हणाली. "तेच दाणा धरून आत ओढतात. मऊ लोखंड, झिजून गेले. तुम्हाला ओरखडे वाटले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या कामात खोट काढायची? मी?" ती हसायला गेली, पण तिला जमलं नाही. "मी लहानपणी स्टूल केलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, छान आहे, पण एक पाय आखूड आहे. माझं चित्र छान, पण. माझे मार्क छान, पण. त्या 'पण'चं मला काय व्हायचं ते मला ठाऊक आहे, बाबा. तुमच्यावर तेच कशाला आणू?"

आपल्या पोरीला आपली भीती वाटते, आणि वर आपली दयाही येते, हे आरसेवाल्यांना फार लागलं. त्यांनी आपली चक्की काखेत मारली. मग म्हणाले, "सातूची पिशवी दे बरोबर."

कडक झालेल्या पोलादावर आता खवले उमटणार नव्हते. त्यांनी नवे रोलर कापले, आधी खवले पाडले, मग कडक केले. सगळं आयुष्य जे घासून काढलं, तेच या वेळी मुद्दाम उठवताना हात अडखळला. घरभर सातूचा वास सुटला. बायको फक्त गालात हसली.

मुलगी आली. तिने सातू ओतले, हँडल फिरवलं, खालची भरड तळहातावर घेऊन उजेडात धरली. टरफलं शाबूत होती, दाणे फुटले होते.

"छान आहे," ती म्हणाली.

आरसेवाले तिच्याकडे बघत राहिले. परीक्षेच्या निकालाला पोरं उभी राहतात, तसे. तिने त्यांच्याकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं.

"पण हँडल आखूड आहे, बाबा. दंड भरून येतो."

"अस्सं!" आरसेवाले म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने खिशातून टेप काढला. "किती लांब हवं, सांग. आणि अजून काय काय खटकतंय, तेही सांग. बस अशी."