पिन बसली म्हणून

उबवणीच्या खोलीतून जळका वास आला तेव्हा थोरली कोंबड्यांना पाणी घालत होती. बादली तिथेच टाकून ती धावली. दारात धाकटी जाऊ उभी, चेहरा पांढराफटक. मागे उबवणी यंत्रातून धूर निघत होता.

थोरलीने बटण बंद केलं. "काय केलंस?"

"तो खोका फार तापला होता, जाऊबाई. पेट घेईल म्हणून काढला आणि यंत्राची पिन सरळ भिंतीत लावली. बसली की ती!"

"बसली म्हणून लावायची? यंत्र परदेशातलं आहे, एकशे दहा व्होल्टचं. भिंतीत दोनशे तीस! दाब निम्मा करणारा तो खोका, तो ट्रान्सफॉर्मर, उगाच ठेवला होता का मध्ये?"

"मला कुणी सांगितलंच नाही."

हे मात्र खरं होतं. यंत्र नणंदेने पाठवलं, जोडणी थोरलीने शिकून घेतली आणि कुणाला हातही लावू दिला नाही.

आतली अंडी आज-उद्या फुटणारी होती. थोरलीने एक कानाशी धरलं. बारीक चिवचिव आली.

"जिवंत आहेत गं. पण गार पडली तर संपलं."

दोघींनी भराभर अंडी पेंढा घातलेल्या पेटीत ठेवली, वर घरातले जुने पिवळे बल्ब टांगले. बल्बांची पिन हातात घेऊन धाकटी भिंतीपासून मागे सरली. "भिंतीत नको. पुन्हा जळेल. त्या खोक्यातच लावू."

थोरलीही इतकी हबकली होती की "लाव" म्हणाली.

बल्ब लागले, पण विझत्या निखाऱ्यासारखे लालसर. पेटीवर गोधडी टाकून दोघी बसल्या. तापमापीतला पारा चढेना. उलट उतरत चालला. धाकटीने काही अंडी पोटाशी धरली. "थांबा रे बाळांनो, थांबा," ती पुटपुटत राहिली. चिवचिव विरळ होत गेली.

अचानक थोरलीने कपाळावर हात मारला. "अगं, हे बल्ब आपल्याच भिंतीचे! त्यांना दोनशे तीसच हवेत. निम्म्यावर उपाशी ठेवलेत आपण! काढ, भिंतीत लाव!"

"मी नाही लावणार."

थोरलीने पिन हिसकावली, डोळे मिटले आणि लावली. खोली उजळली. पारा चढू लागला.

फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी मूठभर पिल्लं बाहेर आली, ओली, लटपटती. बाकीची अंडी तशीच राहिली. थोरलीने एक फोडून पाहिलं. पिल्लू पूर्ण झालेलं, चोच कवचाला टेकलेली.

"शिव्या तरी द्या मला," धाकटी म्हणाली.

"कशाच्या शिव्या? पहिली चूक तुझी, दुसरी दोघींची. आणि तुला शिकवलं नाही ती माझी एकटीची."

कुदळ घेऊन ती परसात गेली. खड्डा खणता खणता तिला रडू फुटलं. धाकटी न फुटलेल्या अंड्यांची टोपली घेऊन मागे उभी राहिली. पुढे यायचा धीर तिला होईना.